सारखे दिसणारे फोटो

कागदोपत्री त्याचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त बँकेत आणि दवाखान्यात उपयोगी पडायचं. बाकी सगळीकडे तो खुडबुड्या. हे नाव त्याच्या ताईने ठेवलेलं. लहानपणी त्याने तिच्या रेडिओचं पोट उघडून आत काय आहे ते बघितलं, आणि मन भरल्यावर रेडिओ पुन्हा जोडला, तेव्हा थोडे स्क्रू उरले. रेडिओ मात्र छान वाजत होता. "हे उरलेले कुठले?" असं ताईने कान धरून विचारलं, तर स्वारी म्हणाली, "ते जास्तीचे होते." माणसाचा स्वभाव इतक्या लवकर इतका उघड कळतो, तरी आपण त्याचं कौतुक करत बसतो, त्याला काय करणार!

मोठेपणी तो चष्म्याच्या दुकानात लागला. पुढच्या बाजूला आरसे, दिवे आणि गोड बोलणाऱ्या मुली; हा मागच्या खोलीत. काच फ्रेमच्या मापाने घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेममध्ये बसवून दिव्यासमोर धरायची. कुठे ओरखडा दिसला की त्याचा चेहरा असा पडायचा की जणू घरचंच कोणी आजारी आहे. काम मन लावून करायचा, पण जीव अडकलेला होता कॉम्प्युटरमध्ये. तेही नव्या नव्हे. लोकांनी टाकून दिलेल्या, पिवळ्या पडलेल्या, पडद्यामागे भलंमोठं पोट असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याचं प्रेम. असा एखादा कोणाच्या जिन्याखाली धूळ खात पडलाय असं कळलं, की हा जेवण टाकून निघाला. घरी आणायचा, कीबोर्डची एकेक कळ उपटून साबणाच्या पाण्यात बुडवायचा, टूथब्रशने घासायचा, जुन्या टॉवेलवर उन्हात वाळत घालायचा. मग एके दिवशी तो म्हातारा कॉम्प्युटर घरघरत जागा व्हायचा आणि पडद्यावर हिरवी रेघ लुकलुकायला लागायची. त्या रेघेकडे हा ज्या नजरेने बघे, त्या नजरेने आपल्याकडे बघावं म्हणून आपण लग्नानंतर दोन वर्षं वाट पाहिली, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची. ती शाळेत भूगोल शिकवायची. जिभेला धार होती आणि हसायला उशीर लावत नसे.

त्याचा दुसरा छंद म्हणजे काही हरवू न देणं. घरातला प्रत्येक फोटो, प्रत्येक कागद तीन ठिकाणी. एक प्रत घरातल्या कॉम्प्युटरवर, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक ताईच्या घरी, तिच्या चादरींच्या खणात. "आग लागली, चोरी झाली, तरी एक प्रत राहते," असं तो समजावून सांगायचा. फोटो इंटरनेटवर कुठे ठेवायला त्याचा साफ नकार. आपलं सामान दुसऱ्याच्या घरात कशाला? दर रविवारी तो ताईकडे जाऊन जुनी डिस्क उचलायचा आणि नवी ठेवायचा. ताईला वाटायचं भाऊ आपल्याला भेटायला येतो. तिने तसं वाटून घेतलं, हा तिचा मोठेपणा.

या नादामुळे तो गल्लीत उपयोगी पडायचा. कोणाचे लग्नाचे फोटो पुसले जायचे, कोणाच्या वारलेल्या वडिलांचा आवाज. माणसं रडवेल्या चेहऱ्याने दारात उभी राहायची. हा त्यांना पाणी द्यायचा आणि म्हणायचा, "घाबरू नका. पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. दारावरची पाटी फक्त काढलेली असते, सामान आतच असतं." आणि खरंच बहुतेक वेळा तो सामान बाहेर काढून द्यायचा. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे काही यायचं त्याला गर्व म्हणणं कठोर होईल, पण दुसरा शब्द मलाही सापडत नाही.

अशा माणसाच्या घरी मुलगी झाली. तिचं नाव पुढे सगळ्यांनी चर्चा करकरून ठेवलं, पण झोप येण्याआधी ती नाकातून एक बारीक गुणगुण काढायची, म्हणून घरात ती भुंगा. भुंगा उठली, भुंगा झोपली, भुंगाने दूध ओकलं.

आनंद मात्र धड एक दिवसही टिकला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोला ताप भरला. कसलासा संसर्ग होता, आणि तो औषधांना दाद देईना. बाळाला घरी न्या, आईला इथेच राहू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. हा एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात बायकोची चप्पल अशा अवस्थेत घरी आला. ती चप्पल का आणली, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. ताईने रजा टाकली आणि तळ ठोकला. तीन आठवडे बायको दवाखान्यात होती, आणि त्यातले बरेचसे दिवस तिला आठवतच नव्हते. डोळे उघडायचे, छत दिसायचं, डोळे मिटायचे.

त्या दिवसांत खुडबुड्याने तिला एकच वचन दिलं. ती शुद्धीत आहे की नाही याचीही त्याला खात्री नव्हती, तरी तिच्या कानाशी वाकून तो म्हणाला, "तू काळजी करू नकोस. मी सगळं टिपून ठेवतोय. एकही दिवस बुडणार नाही तुझा." आणि त्याने खरंच टिपलं. भुंगा झोपली, फोटो. भुंगाने मूठ उघडली, फोटो. ताईच्या मांडीवर, त्याच्या खांद्यावर, आंघोळीच्या टबात, पिवळ्या दुलईत. या टबात पूर्वी कीबोर्डच्या कळा धुतल्या जायच्या, ते ताईला कळलं तेव्हा तिने नवा टब आणला आणि जुना गॅलरीतून खाली फेकता फेकता राहिली.

बायको घरी आली ती निम्मी होऊन. हळूहळू सावरली, अंगात बळ आलं, जिभेची धारही परत आली. जुने कॉम्प्युटर जिथे होते त्या खोलीत आता पाळणा होता. सगळी म्हातारी मंडळी पलंगाखाली आणि माळ्यावर गेली होती. एकालाच राहायची परवानगी मिळाली, कारण त्याच्यावर खुडबुड्याने भुंगाच्या दुधाच्या आणि झोपेच्या वेळांचा आलेख काढायला सुरुवात केली होती. "अरे, बाळ आहे ते," बायको म्हणाली, "कारखाना नाही." पण आलेख ती चोरून बघायची.

एक गोष्ट मात्र सावरली नाही. भुंगा रडायला लागली की बापाच्या खांद्यावर पटकन शांत व्हायची. आईकडे वेळ लागायचा. फार नाही, थोडासाच. तेवढंही तिला लागायचं. "मी काय बाबा, उशिरा रुजू झालेली," असं ती हसत म्हणायची. "सगळं ठरून झाल्यावर आले. आता सांगतील ते काम करायचं." पहिल्यांदा हे ऐकून तो हसला होता. मग एकदा ती भांडी आवरताना, कोणी ऐकत नाही असं समजून, तेच वाक्य स्वतःशी म्हणाली, आणि त्या वेळी ती हसत नव्हती. त्या दिवसापासून त्याला वाटायला लागलं की ते फोटो हिने बघायला हवेत. एकदा सगळे दिवस ओळीने डोळ्यांखालून गेले की हिच्या मनातलं ते भगदाड बुजेल. तो सांगून पाहायचा, ती म्हणायची, "बघू रे, निवांत बघू."

मग शाळेत परत रुजू व्हायची तारीख जवळ आली, तशी एक दिवस तीच म्हणाली, "या रविवारी दुपारी भुंगा झोपली की बसू आपण. पहिल्या दिवसापासून दाखव. आता बघेन मी."

खुडबुड्याला आकाश ठेंगणं झालं. शनिवारी दुकानातून आल्या आल्या, फोटो नीट ओळीने लावून ठेवावेत म्हणून त्याने कॉम्प्युटर उघडला.

इथे थोडं मागे जायला हवं. साधारण महिन्यापूर्वी त्याच्या डिस्का भरत आल्या होत्या. एकाच झोपेचे पन्नास पन्नास फोटो काढल्यावर दुसरं काय होणार? तेव्हा त्याने स्वतःच एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. काम सोपं: सारखे दिसणारे फोटो एकत्र करायचे, त्यातला सगळ्यात स्पष्ट तेवढा ठेवायचा, बाकीचे काढून टाकायचे. आधी त्याने तो आपल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या काढलेल्या फोटोंवर चालवून बघितला. झकास चालला. मग सगळ्यांवर चालवला. केवढी जागा मोकळी झाली ते बघून त्याने मांडीवर थाप मारली, आणि नेहमीच्या शिस्तीने ती आवरलेली प्रत कपाटातल्या डिस्कवर घेतली. रविवारी ताईकडच्या खणातली जुनी डिस्क उचलून तिथे नवी ठेवली. जुनी घरी आणून अगदी आतून धुतल्यासारखी कोरी केली आणि शेजाऱ्यांना देऊन टाकली. फोन तर फोटो कॉम्प्युटरवर गेले की आपोआप रिकामा व्हायचा. ती सोयही त्यानेच केलेली.

पण जुने कॉम्प्युटर एकमेकांसारखे दिसत नाहीत. नवजात बाळ मात्र रोज स्वतःसारखंच दिसतं. तेच बंद डोळे, तीच पिवळी दुलई, तीच खिडकी. प्रोग्रॅमने तिन्ही आठवड्यांची भुंगा एकच धरली. जिथे ती हलली, जांभई दिली, हात फेकला, तिथे फोटो जरा पुसट आला होता, म्हणून तो गेला. जिथे ती निपचित पडली होती, तेवढे राहिले. शनिवारी संध्याकाळी खुडबुड्यासमोर पडद्यावर ते मूठभर फोटो होते. सगळे काचेसारखे स्वच्छ. सगळ्यांत एक झोपलेलं बाळ. पहिला कुठला आणि शेवटचा कुठला, तेही सांगता येऊ नये.

त्याने कपाटातली डिस्क लावली, तिथेही तेवढेच. "दारावरची पाटी" वगैरे त्याला आठवलंही नाही. दुसऱ्यांसाठी वापरायची ती सगळी हत्यारं त्याने चालवून पाहिली. पण आतलं सामानही आता तिथे नव्हतं. महिन्याभरात त्याने त्या जागेवर नवं काय काय रचून ठेवलं होतं. बायकोला "दूध आणतो" असं सांगून तो ताईकडे पळाला.

ताई चादरींच्या घड्या घालत होती. त्याने खण उघडला, डिस्क काढली, हातात धरून उभा राहिला, आणि तिला सगळं सांगितलं. ताईने मधे एकदाही तोंड उघडलं नाही. असं फार क्वचित व्हायचं.

"ताई, तुझ्या फोनमध्ये एखादा?"

"माझ्या फोनमध्ये बटणं आहेत रे बाबा. मी डोळ्यांनी बघते." तिने त्याच्या हातातली डिस्क घेऊन खणात ठेवली. "आता काय करणार?"

"अजून एक उपाय आहे. शेजाऱ्यांना दिलेली डिस्क मागून आणतो. तोवर तिला सांगतो की कॉम्प्युटर बिघडलाय, पुढच्या रविवारी..."

"तूच म्हणालास ना, ती धुऊन दिलीस?"

स्वतःच्या हाताने धुतलेली डिस्क किती कोरी असते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"मग थापा मारू नकोस," ताई म्हणाली. "वेड्या, तिचे तीन आठवडे आधीच कोणीतरी नेलेत. आता तू तिला खोटं सांगून चौथा नेऊ नकोस. जा. आणि दूध घेऊन जा, नाहीतर तिथेच पकडला जाशील."

रविवारी दुपारी भुंगा गुणगुणत झोपली. बायकोने पाळण्यावर पडदा ओढला, केस बांधले आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. नवीन पुस्तक उघडताना विद्यार्थी बसतो तशी, ताठ. खुडबुड्याने कॉम्प्युटर चालू केला नाही. तो तिच्याशेजारी स्टुलावर बसला आणि मान खाली घालून, सगळं सांगून मोकळा झाला. सारखे दिसणारे फोटो, सगळ्यात स्पष्ट तेवढा, तिन्ही प्रती. "माझ्या हातून गेले," तो म्हणाला. "परत येणार नाहीत."

तिचा आवाज चढला, बाळ झोपलंय म्हणून तिने तो दाबला, आणि दाबलेला राग जास्त लागतो.

"सारखे दिसतात? तुझ्या मशीनला सारखे दिसले असतील! आणि चांगला फोटो कुठला, ते कोण ठरवणार? ते दिवस माझे होते. मी नव्हते तिथे, म्हणून मला एकेक पुसट फोटोसुद्धा हवा होता."

"हो," तो म्हणाला.

तिने डोळे पुसले. मग खिडकीकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दवाखान्यातून आल्यावर एकदा उघडले होते मी. तू दुकानात होतास तेव्हा. पुष्कळ बघितले. मग बंद करून टाकले."

"का?"

"सगळ्यांत दुसऱ्यांचे हात होते रे. तुझे, ताईंचे, नर्सचे. मी शोधत होते, कुठेतरी माझा एखादा हात दिसतोय का. नव्हताच. म्हणून इतके दिवस टाळत होते. आता शाळेत जायच्या आधी म्हटलं, मन घट्ट करून एकदा बघूनच टाकू. बघू की आपण खरंच नव्हतो."

खुडबुड्या मान वर करून तिच्याकडे बघत राहिला. ज्या फोटोंनी भगदाड बुजेल असं तो समजत होता, त्याच फोटोंत ती स्वतःला शोधत होती आणि तिला तिची जागा रिकामी सापडत होती. इतके दिवस एका घरात राहून हे त्याला कळलं नव्हतं. आलेखातही कुठे आलं नव्हतं.

"पण तू होतीस," तो म्हणाला.

"उगाच समजूत नको घालू."

"समजूत नाही घालत. एक दिवस तू होतीस." बोलणं हा काही त्याचा छंद नव्हता. "दुसरा आठवडा होता. ताप उतरतच नव्हता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता... म्हणजे, काहीही होऊ शकतं, तयारी ठेवा. त्यांनीच सांगितलं, बाळाला एकदा आणा. मी घरी आलो. भुंगा त्या दिवशी सकाळपासून रडत होती. माझ्याकडे राहिना, ताईकडे राहिना. गाडीत रडली, जिन्यात रडली. तिथल्या नर्सने घेतली, तिच्याकडेही रडली. मग मी वाकून तिला तुझ्या छातीवर ठेवलं. तुझ्यात धरायचीही ताकद नव्हती, म्हणून मी खालून हात लावून तसाच ओणवा उभा राहिलो. तू डोळे उघडले नाहीस. पण तुझा हात आला, चाचपडत, आणि तिचं पाऊल सापडल्यावर तू ते मुठीत धरलंस. आणि ती थांबली."

"रडायची?"

"एकदम. मला वाटलं, हिला काय झालं! मी घाबरलो. मग तू बोललीस."

"मी बोलले?"

"हो. डोळे मिटलेलेच. म्हणालीस, 'पाय गार आहेत हिचे. मोजे घाला.'"

पाळण्यात भुंगाने कूस बदलली. दोघांनीही तिकडे बघितलं आणि परत एकमेकांकडे.

"तू मला हे कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"मला तो दिवस आठवायचाच नव्हता," तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले तेच आठवायचं. तुला हे सांगायचं तर तेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी तो अख्खा दिवसच बाजूला टाकला."

तिने त्याचा हात धरला. मग विचारलं, "त्याचा फोटो होता? गेलेल्यांत?"

"नाही. त्याचा काढलाच नव्हता. माझे दोन्ही हात तिच्याखाली होते."

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि शेवटी दोन्हीतलं काय चाललंय ते तिला स्वतःलाही कळेनासं झालं. मग पदराने नाही, त्याच्याच बाहीने तिने नाक पुसलं.

"खरंच गार होते तिचे पाय?"

"बर्फासारखे," तो म्हणाला. "सकाळपासून ती आमच्या सगळ्यांच्या हातांत होती. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं."

ती खुर्ची सोडून त्याच्या स्टुलाशेजारी जमिनीवर येऊन बसली, डोकं त्याच्या गुडघ्याला टेकवलं.

"परत सांग," ती म्हणाली. "गाडीपासून सांग."